तिसरा गियर

आल्मारनं गाडी विकली तेव्हा
तिच्यात कोंबड्या बसत होत्या.
अंड्यांचे पैसे त्यानं वेगळे लावले.
प्लमच्या झाडाखाली नऊ हिवाळे,
चारही चाकं अंगाबाहेर, त्या जातीची असतात तशी,
पण एकातही हवा नाही.
वर ना छप्पर, ना दार.
हेल्वे म्हणाली, हा तर अंघोळीचा टब,
आणि ट्रॅक्टरला दोर बांधायला
तीच आधी वाकली.

विल्यांदीकडे संध्याकाळ तीनलाच होते डिसेंबरात.
दिवा ओढून रंग खरवडत बसलो.
लाल. लालखाली पांढरा. पांढऱ्याखाली
कुणीतरी घरच्या ब्रशनं फासलेला निळा,
ब्रशचा एक केस अजून त्यात चिकटलेला.
बाराखाली सत्तेचाळीस,
सत्तेचाळीसखाली नुसता पत्रा
आणि पत्र्यावर पेन्सिलीनं: इथे भोक पाडू नये.
भोक तिथेच होतं.

तीस वर्षं मी जहाजांची इंजिनं उघडली,
आत माणूस उभा राहील एवढाली.
हे तर मांडीवर मावेल.
एकेक बोल्ट तेलात भिजवायचा, थांबायचं,
मग पाना लावायचा, हळू,
दार लावून बसलेल्या पोराशी बोलावं तसा.
तरी सतरा मोडले.
तिसऱ्या गियरचे दात झिजून गोल झालेले.
तार्तूच्या लेथवाल्यानं नवे कातून दिले,
पैसे नको म्हणाला, बटाटे घेतले.

आणि आत, बसायच्या जागेत, उजव्या अंगाला
पत्रा दबलेला.
धडकेचा पोचा नव्हे, तो कडेला दुमडतो.
हा वाटीसारखा, गुळगुळीत,
पायरीचा दगड झिजतो तसा.
हातोडी उचलली. ठेवली.
पुन्हा उचलली.

मग शोधत शोधत काल्यू वाहेरला फोन लावला.
शहाऐंशी वर्षांचा. सत्तेचाळीस नंबर? आठवत नाही.
पिरिताचा तो झाडांमधला रस्ता? पाऊस होता बहुतेक.
बक्षीस म्हणून एकदा इस्त्री मिळाली होती,
ती अजून चालते.
ठेवतो म्हणाला, आणि ठेवता ठेवता:
"तिसरा उडत असेल बघ.
गुडघा पत्र्याला रोवायचा
आणि मांडीनं दांडा दाबून धरायचा.
दुसरा इलाज नाही."

हातोडी खिळ्याला टांगली.

मे महिन्यात, बंद पडलेल्या धावपट्टीवर
बूट काढून आत शिरलो,
बुटांसकट पावलं मावत नव्हती.
पहिला. दुसरा.
फटींतलं गवत खालून सपासप वाजत होतं.
तिसरा पडला, नव्या कुलपासारखा घट्ट.
उडणार नव्हताच, मीच बसवला होता.
तरी माझा उजवा गुडघा
कुणी न सांगता
त्या वाटीत जाऊन बसला
आणि धावपट्टी संपेपर्यंत
दाबत राहिला.

परत आलो तर हेल्वे घड्याळ घेऊन उभी.
किती, विचारलं.
दाबायचं राहिलं, म्हणाली. उतर आता.
तिनं बूट आधीच काढून ठेवले होते.