कंसात

वेंडल हॉस्टेटर आता पडद्यावर असतो,
रात्री नऊला, डाव्या चौकटीत.
टाय नाही. गळ्याचं एक बटण उघडं,
म्हणजे आता तो खरं बोलतो.

मी सूप ढवळत ऐकते.
अकरा वर्षं मी त्याच्या उजव्या हाताला बसले,
हॅरिसबर्गच्या त्या खोलीत, खिडकीबाहेर हिरवा घुमट,
गुडघ्यांपाशी लघुलेखनाचं यंत्र.
तो बोलायचा, मी टिपायचे.
“राज्यपालांना याची पूर्ण कल्पना आहे.”
“राज्यपालांना याची कल्पना नव्हती.”
दोन्हींना कागद सारखाच लागतो.

वेळ मारून नेणं त्याला जमायचं, हे मान्य.
प्रश्न टोकदार आला की पाण्याचा पेला उचलायचा,
म्हाताऱ्या बार्टकोच्या कुत्र्याची तब्येत विचारायचा.
वार्ताहर हसायचे, प्रश्न विरघळायचा,
आणि मी लिहायचे: (हशा).
हशा मला कंसात घालता यायचा.
टाळ्या, खोकला, एकदा तर आत घुसलेलं कबुतरही.

थांबण्यासाठी मात्र कळ नव्हती.

मार्चमध्ये नदीकाठच्या गावातून एक बाई आली,
वार्ताहर नव्हती, आत कशी शिरली कोण जाणे.
बरणीत नळाचं पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
म्हणाली, “तुम्ही प्याल?”
वेंडल गप्प. मी मनात मोजलं, सात.
भिंतीवरचं घड्याळ, कुणाच्या तरी पेनाचं टोपण.
मग तो म्हणाला, “पाणी निकषांत बसतं.”
ते मी टिपलं. आधीचे सात सेकंद
कुठल्याच दप्तरात नाहीत.

राज्यपाल पडले. दोन आठवड्यांत वेंडल
फिलाडेल्फियाच्या स्टुडिओत.
मी नव्या माणसाच्या उजव्या हाताला,
निवृत्त होईपर्यंत.

आज निवेदिका विचारते, तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?
तो कपाळाला आठ्या घालतो, नवीन आहेत त्या,
आणि सांगतो, “मी आतून विरोध करत होतो.”
खाली त्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ सरकत जातं.

खोटं नाही म्हणत मी.
सात सेकंदांत माणूस बराच विरोध करू शकतो.

माझी बोटं सवयीने ओट्यावर हलतात,
चमचा, मिठाची डबी, पुन्हा चमचा.
जाहिराती लागतात. सूप आटलंय.
मी नळ सोडते, पातेलं हातातच धरून,
आधी थोडं वाहू देते.