तळटीप नको

पान एकशे बारावर अकरा दिवस अडकलेय.
मुलगी शिकून परत येते, स्टेशनवर उतरते.
बाप निवृत्त सिग्नलमन, हातात जुना हिरवा कंदील.
तो एका शब्दाची वाट बघतो.
ती म्हणते, गुड ईव्हनिंग.
तो कंदील विझवतो.

शब्द आहे शिकामो.
लेखिकेने इंग्रजीतही तो तसाच ठेवलाय, अनवाणी.
मी आधी लिहिलं, नमस्काराची वाट बघतो.
तो कुठलाही बाप झाला. खोडलं.
मग पाया पडण्याची.
त्याला कुंकवाचा वास यायला लागला.

तुमाइनी फतेहगंजात राहते. टांगा गावची,
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
खोलीवर तिने चहा केला. तिच्याकडेही चाय,
चपाती चपातीच, गाडीची गारी.
किती काय पोचलंय आमचं तुमच्याकडे, मी खूश.
दुकानदार घेऊन आले, ती म्हणाली,
उधारीच्या वहीसकट.

मग शब्दाचं निघालं.
पाय धरते, असा अर्थ सांगतात.
काही म्हणतात, गुलाम मालकाला म्हणायचे.
मालक गेले, शब्द आम्ही धुऊन घेतला,
आता थोरांना म्हणतो.
निघाला का स्वच्छ?
तिने कप विसळत खांदे उडवले.
वाळतोय अजून.

आणि तुमची भाषा, ती इथे कोणी आणली?

खाली रिक्षावाला कुणाशी तरी गुजरातीत भांडत होता.
मी सांगणार होते, आम्ही इथलेच,
दांडिया बाजारात सात पिढ्या,
पुण्याची वहिनी माझ्या मराठीला हसते,
मी 'हो ने' म्हणते म्हणून.
पण कपाटात एक मोडी कागद आहे, महसुलाचा.
पाच गावांची नावं, पाचही गुजराती.
समोरचे आकडे आमच्या हातचे.
घोड्यावर बसून आलेली भाषा.
आता भाजीवालीला केम छो म्हणते,
पिशवीतले पैसे मात्र स्वतःशी मराठीत मोजते.

मुजरा हा शब्द मी तिथे काढला नाही.
तिला तो लगेच समजला असता.

रात्री पान पुन्हा उघडलं.
बाप शिकामोची वाट बघतो. एवढंच ठेवलं.
सकाळी प्रकाशकांचा फोन:
बाई, वाचक अडखळेल, एक छोटी तळटीप?

अडखळू दे ने.