शेऱ्याचा रकाना

मोजणीचं बुक मोडीत आहे, दोन्ही अर्थांनी.
शके सतराशे ऐंशी, पुढचा आकडा पुसलेला.
पान एकशे बारावर
वाळवीने एक खाडी खाल्ली आहे.
लिहिणार धाकजी मोरोबा, कारकून.
साखळी धरणार पोशा,
आडनावाची जागा कोरी.

तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची.
माहुलच्या खाजणात टाकली की
निम्मे आणे चिखलात बुडायचे,
पोशा ते पायाच्या अंगठ्याने मोजायचा.

साहेब छत्रीखाली. म्हणाला, जागेचं नाव विचार.
धाकजीने मिठागरावरच्या एकाला विचारलं.
जावांचा बांध, तो म्हणाला.
शिंपल्या काढणारी बाई मध्येच:
जावांचा कसला? बांधला एकीनंच,
दुसरी भरतीच्या आधी माहेरी पळाली.
तिसरा म्हातारा बहिरा होता.
त्याने फक्त कमरेशी हात आडवा धरला
आणि समुद्राकडे बघितलं.

रकाना एकाच नावापुरता,
शिवाय साहेबाच्या जिभेला झेपेल असं हवं.
पक्क्या नकाशावर उतरलं: जांबन.
आता तिथे जांभूळबन सोसायटी आहे, ए ते एफ,
एकही जांभूळ नाही.

हद्दीला दगड हवा होता, एक आयताच सापडला.
वर चंद्र-सूर्य, मध्ये चार ओळी,
खाली गाढव आणि बाई.
धाकजीने मान फिरवली.
पोशा म्हणाला, रावजी, ह्याला साखळी लावू नका,
जमीन बळकावेल त्याच्या आईवरनं शिवी आहे ही.
अक्षरं कुणालाच लागत नव्हती.
शिवी सगळ्यांना लागत होती.
साहेबाने त्यावर छिन्नीने बाण मारून घेतला
आणि तिथून पुढचं सगळं गाव मोजलं.

शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, धाकजी:
'गाढवाचा पाषाण. पूर्वापार. पोशा हात जोडतो.
साहेब पाठमोरा असता मीही जोडले.'

बुक स्कॅनिंगला जायच्या आधी
एका शनिवारी मी जाऊन आलो.
एफ विंगच्या मागे, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला टेकून,
दगड आहे.
शेंदराखाली गाढव गेलं, बाई गेली,
बाण चाचपला की बोटाला लागतो.
समोर इस्त्रीचं टेबल. सुमित्रा कनोजे,
नवऱ्याबरोबर भंडाऱ्याहून आलेली, अकरा वर्षं झाली.
कुठली देवी ही? मी विचारलं.
तिने इस्त्री उभी केली.
नाव नाही माहीत, म्हणाली,
पण जुलैत पाणी येतं ना,
आणि ओला हात दगडावर आडवा ठेवला,
चंद्राच्या जरा खाली.

सोमवारी नोंद भरायला बसलो.
नव्या फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकानाच नाही.
नाव भरलं, क्षेत्र भरलं,
जांबन भरलं, नाइलाजाने.
साखळी धरणाऱ्याचं आडनाव मात्र सक्तीचं,
कोरं सोडलं की चौकट लाल होते
आणि पान पुढे सरकत नाही.
जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले,
कुणीतरी लोणचं पुढे केलं.

पोशाच्या नावापुढे मी टाइप केलं:
इथवर.

पान सरकलं.