हातचा एक

काउंटी ऑफिसच्या तळघरात
बॉयलरला लागून माझं टेबल.
सत्तावीस वर्षं रकाने भरतेय:
घरफोडी, मारामारी, खून, चोरीची गाडी.
वर्षाअखेर बेरीज करून
राजधानीला धाडते.

परवा लेक्सिंग्टनहून मारिसोल आली,
विद्यापीठाची पोरगी, बुटांना आमच्या डोंगराचा चिखल.
म्हणाली, व्हर्लीनबाई, दोनच आकडे हवेत.
घरांत बंदुका किती, आणि गुन्हे किती.
एकावर एक ठेवून बघायचंय
उतार कुणीकडे लागतो.

गुन्हे देते, म्हटलं, हवे तितके.
बंदुकांचं विचारू नकोस.
केंटकीच्या या खोऱ्यात बंदुका कुणी मोजत नाही,
जसे चमचे मोजत नाहीत
पाहुणे जाईपर्यंत.
दाराआड, ट्रकच्या सीटमागे, पिठाच्या डब्यामागे.
पाद्र्याच्या कोटातसुद्धा एक असते,
आमेन जरा जपून म्हणतो तो.

ती हसली. लिहून मात्र घेतलं नाही.
मग तुमचं मत काय? गुन्हा घटतो की वाढतो?

मत.
शेजारचा इरा कॉडिल म्हणतो, घटतो.
त्याची सून डार्ला म्हणते, वाढतो.
थँक्सगिव्हिंगला दोघं एकाच टर्कीचे दोन पाय ओढतात
आणि मधली मंडळी बटाटे पुढे करतात.
मी मताची नाही, नोंदीची बाई.

तर एका बंदुकीची नोंद सांगते.
आमच्या बापाची रिव्हॉल्व्हर,
मुठीला काळी चिकटपट्टी.
कोळशाची खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
रात्री दोनला मागचं दार कुणीतरी खरवडत होतं.
मी जिन्यावर उभी. घशातून आवाज फुटेना.
नुसता घोडा मागे ओढला.
खट्.
तेवढ्यानं भागलं.
सकाळी बर्फात पावलं, लांब लांब पडलेली,
आणि कुंपणाशी एक लोकरी हातमोजा,
अंगठ्यापाशी रफू केलेला.
पोलिसांत गेले नाही.
गेले असते तर लिहायचं मलाच होतं,
आणि न झालेल्या चोरीला
माझ्याकडे रकाना नाही.

मारिसोल म्हणाली, हे इराच्या बाजूनं झालं.

थांब.
तीच रिव्हॉल्व्हर. तोच ड्रॉवर.
तीन वर्षांनी, मार्चमधला गुरुवार.
मी इथं, या खुर्चीवर.
धाकटा भाऊ डॉयल माझ्या घरी आला,
किल्ली होतीच त्याच्याकडे.
कुत्र्याचं पाण्याचं भांडं
काठोकाठ भरून ठेवलं होतं त्यानं.

पुढच्या आठवड्यात त्याचा कागद
माझ्याच टेबलावर आला, गुन्हा आहे का बघायला.
गुन्हा नव्हता.
शिक्का मारला, वर पाठवला.
त्या वर्षी काउंटीतले गुन्हे
चार टक्क्यांनी घटले. पेपरात आलं.
शेरीफनं केक कापला.
मीही खाल्ला, कोपऱ्यातला, जास्त साय असलेला.

शाळेत बाई शिकवायच्या,
हातचा एक डोक्यात धरा,
पुढच्या घरात मिळवा.
मी धरलेत. दोन्ही वेळचे.
पुढचं घर कुठलं
तेवढं शिकवायचं राहिलं असेल,
किंवा मी त्या दिवशी गैरहजर होते.

बराच वेळ बॉयलरच काय तो बोलला.
मग तिनं विचारलं, ती आता कुठाय?

आहे की. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे,
गोळ्या डार्लाकडे, ओढ्यापलीकडे.
दार खरवडणाऱ्यानं
तेवढा वेळ द्यावा म्हणजे झालं.

मारिसोलनं पेन्सिल उचलली, ठेवली,
पुन्हा उचलली.
मग तुमच्या घरात बंदूक आहे असं धरू,
की नाही?

तू शिकलेली आहेस, म्हटलं.
मला चारला कुत्र्याला खायला घालायचंय.