दोन्हीकडून तीन

शाळेतून नाव काढलं त्या आठवड्यात
मी तीन तऱ्हांचं गणित घरी आणलं.
एक रंगीत, पुण्याहून कुरिअरने आलेलं,
पानागणिक एक हसरं अस्वल.
एक मण्यांची चौकट, सोबत सेकंद मोजणारं घड्याळ.
ते घड्याळ मी पहिल्याच रात्री माळ्यावर टाकलं,
कारण तसल्याच एका घड्याळापुढे चारुताचा
दुसरीच्या वर्गात सातचा पाढा म्हणताना
फ्रॉक ओला झाला होता.
आणि तिसरी, दांडिया बाजारातल्या रद्दीवाल्याकडची उजळणी,
दहा रुपयांची,
पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत,
मलपृष्ठावर कुणाचातरी किराण्याचा हिशेब.

नणंद म्हणाली, दोन डगरींवर हात नको, तुझ्या तर तीन.
हसुमतीबेन म्हणाल्या, ट्यूशन राखो ने, बेन.
नवरा काहीच म्हणाला नाही.
वाचलेल्या फीमधून त्याने एक फळा आणला
आणि फ्रिजशेजारी ठोकला.

अस्वल जूनपर्यंत टिकलं.
मणी मोजण्यापेक्षा ओवायला बरे निघाले.
उजळणीतला तिला फक्त औट आवडला:
साडेतीनला असं वेगळं नाव का,
साडेचारने काय घोडं मारलंय?
मला सांगता आलं नाही.

अपूर्णांक तिला खंडेराव मार्केटात भेटले.
रमणभाई पोणो किलो वटाणा तोलत होते,
मी पाऊण म्हणत होते,
अस्वल म्हणायचं तीन छेद चार.
तिने तिघांना एकाच पिशवीत घातलं.
उणे संख्या भेटल्या अलकापुरीत,
नणंदेच्या लिफ्टमध्ये, पार्किंगच्या बटणावर.
तेव्हा दिवसभर वर-खाली करून
तिने वॉचमनची बोलणी खाल्ली.

दहाव्या वर्षी, मी भांडी घासत असताना:
"आई, एकोणपन्नास म्हणजे एक ऊन पन्नास ना?
मग कुणीतरी एक घेतलाय, हे नावातच आहे.
रमणभाईंच्या ओगणपचासमध्येपण."
मी नळ बंद केला.
बत्तीस वर्षं हा आकडा तोंडात होता,
आत कधी डोकावले नव्हते.

पुढचा रस्ता मला ठाऊक नव्हता.
नववीत बीजगणिताशी माझं फाटलं ते फाटलंच.
साताऱ्याच्या मोडकबाईंनी एकच नियम दिला होता,
बाजू बदलली की चिन्ह बदलतं.
का, असं विचारायची पद्धत नव्हती.
तोच मी फळ्यावर चालवला.
क्ष अधिक तीन बरोबर बावन्न.
तीनला पलीकडे नेलं, अधिकचं उणे केलं,
झटकन,
जितक्या झटकन ताटातल्या तांदळात अंगठी फिरवून
वैजयंतीची मीनल केली होती त्यांनी.
सातारा ते बडोदा,
बरोबरच्या खुणेवरून एक उडी.

चारुता फळ्याकडे बघत राहिली.
मग माझी ओळ तशीच ठेवून
खाली पुन्हा मांडलं सगळं,
आणि दोन्हीकडे, एकाच उंचीवर,
उणे तीन, उणे तीन लिहिलं.
"पलीकडे कुणी जातच नाही, आई.
दोघांकडून सारखंच काढायचं. बस."

डावीकडे क्ष एकटा राहिला.
उजवीकडे एकोणपन्नास.

संध्याकाळी नवरा आला,
चप्पल काढता काढता त्याने फळा वाचला.
मी विचारलं, "तुमच्याकडून काय काढलं होतं तेव्हा?"
"कधी?" तो म्हणाला. "कशातून?"
चहा उतू जाणार होता, मी आत गेले.

तिन्ही पुस्तकं अजून कपाटात आहेत,
औटकीच्या पानात लिफ्टच्या चित्राची खूण.
नणंद दर दिवाळीला विचारते,
शेवटी कोणतं धरलंस गं, मीनल?
चारुता मध्येच म्हणते, वैजयंती.
मी म्हणते, ठरतंय अजून.