हातखंब्याला, पंधरावर

स्क्रीनवर पंधरा.
गन काढली, पदरानं पुसली, पुन्हा खोचली.
पंधरा.

साखरप्याच्या वळणावर मोकाट बैल आडवा आला, त्याआधी
ही गाडी याच खांबाशी अठ्ठेचाळीस किलोवॅट घ्यायची.
एक चहा, एक प्लेट भजी, दोन फोन,
की निघालो.
बैल उठून चालता झाला.
गाडी सतरा दिवस कोल्हापुरात पडून राहिली.
बंपर नवा, रेडिएटर नवा, दोन पाइप नवे,
रंग इतका हुबेहूब की मीच फसले.

आज बॅटरी बावीस टक्क्यांवर.
भरत आली की ओढ कमी होते, हे मला माहीत आहे,
पण बावीसला कुणाची भूक मरत नाही.
मघाशी याच गनवर पुण्याची एक चंदेरी गाडी
घटाघटा एकोणपन्नास पिऊन गेली.
म्हणजे खांब बरा आहे.
म्हणजे आम्हीच.

वर्कशॉपला फोन केला.
"मॅडम, लॅपटॉपवर एकही कोड नाही.
कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही."
हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
लांज्यात, राजापुरात, पाचलच्या शिबिरात
मीच ते ऐकवत आले:
आजोबा, आलेख चांगला आहे, ऐकू यायला हवं.
आणि ते नुसते बघत राहतात
माझ्या ओठांकडे.

शेजारच्या सीटवर नुरुद्दीन सोलकर.
मिरकरवाड्याच्या जेटीवर एक्केचाळीस वर्षं
बोटींची इंजिनं उघडली, मिटली.
डावा कान इंजिनांनी खाल्ला, उजवा अर्धा ठेवला.
लांज्याला त्यांच्या यंत्राचा साचा बदलून
मी त्यांना घरी सोडत होते.
"काय झाला, बाय?"
"सावकाश भरतेय."
"मग भरू दे की."
"दोन तास जातील, चाचा."

ते उतरले. यंत्र कानातून काढून खिशात ठेवलं
आणि बॉनेटवर तळवा टेकला,
बांगड्याचा ताजेपणा बघतात तसा, बोटं किंचित रुतवून.
मागून ट्रक गेले, एसटी गेली,
जांभ्याचा डंपर गेला.
त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"पंप फिरतोय," म्हणाले, "पण पाण्यात नाय फिरत.
हवा हाय आत.
नवा पाइप घातला की ती शिरतेच.
बाहेर काढायला कोणीतरी थांबावा लागतो.
तुझा माणूस थांबला नाय."

मी वाकले. माझे दोन्ही कान शाबूत,
कागदावर तर अगदी आदर्श,
आणि आठवडाभर त्या गुडगुडीला मी
रस्त्याचा आवाज समजत होते.
स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर, जिथं मी कधी जात नाही,
बॅटरीचं तापमान: सत्तेचाळीस.
ती हट्ट करत नव्हती.
अंग तापलंय हे ओळखून
घास लहान करत होती.

एमआयडीसीत शीतपांच्या पोरानं
पंप चालू केला, बंद केला, चालू केला,
टाकीचं झाकण उघडं ठेवून.
गुलाबी पाण्यातून एकेक बुडबुडा वर आला
आणि प्रत्येकाला सोलकरांनी मान डोलावली,
जेटीवरून जुनी बोट बाहेर पडताना बघावी तशी.
पाणी दोन बोटं खाली गेलं. पोरानं तेवढं ओतलं.

आता चाचांना घरी जायचं नव्हतं.
पुन्हा हातखंबा.
वीस. एकतीस. त्रेचाळीस.
त्रेचाळीसवर थांबली.
मी आणखी पाच मिनिटं वाट पाहिली.
"पूर्वी अठ्ठेचाळीस घ्यायची," मी मोठ्यानं म्हटलं.
त्यांनी यंत्र कानात घातलं, ते शिटी वाजवू लागलं,
अंगठ्यानं दाबून बसवलं.
"पाच ठेवलेन तिनं," म्हणाले,
"बैलाच्या नावचे."

चहा आला. मी डायरी काढून
पाचलच्या त्या आजोबांचं नाव शोधलं.
पुढं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात: नॉर्मल.
ते खोडलं नाही.
खाली लिहिलं: परत जाणे. थांबणे.