हनुवटीची मोजणी

हनुवटीखाली तळहात धरा, मी सांगते,
आणि शब्द सावकाश सोडा.
ती जितक्यांदा हाताला टेकेल
तितके त्याचे तुकडे.
खानापूर, सातवीचा वर्ग. एकतीस हनुवट्या.

रिस्पॉन्सिबिलिटी.
सहा, म्हणते रेमेत.
मष्णूचे चारच होतात,
मधलं काहीतरी तो गिळतो,
उशीर झाल्यावर भाकरी गिळावी तसं.

बस, मी म्हणते. एक टाळी.
निंगव्वा दोन वाजवते.
तिच्या घरी बस नसते, बस्सु असते,
कार नसते, कारु.
प्रत्येक शब्दाच्या शेवटी तिच्या आईनं
एक उ मांडून ठेवलेला,
पाहुण्याला पाट मांडावा तसा.
लाल पेनाचं टोपण मी काढलं, परत लावलं.
हनुवटी खरंच दोनदा टेकली होती.

मग मष्णूच्या डब्यावर छापलेला शब्द घेतला:
अन-ब्रेक-एबल.
ब्रेक म्हणजे मोडणं, ते मधे.
एबल म्हणजे जमणं, ते शेपटाला.
आणि अन हा नकार,
सगळ्यांच्या पुढं, वेशीवर काठी घेऊन उभा.

"आमच्यात नकार मागनं येतो, बाई,"
निंगव्वानं खडू मागितला.
मुरियल-आगद.
आगदभोवती चौकोन काढला,
एक बाजू जरा वाकडी.
"आमच्यात पण," मष्णू उठला, "मोडंना."
ना शेवटाला.
पाठ्यपुस्तक माझ्या हातात उघडं,
त्यात ह्याबद्दल काही नव्हतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी:
बाई, बेळगाव किती टाळ्यांचं?
दोन वाजल्या.
लगेच पलीकडून चार, बे-ळ-गा-वी.
हशा झाला, मग एकदम थांबला,
मोठ्या माणसांचं काहीतरी
दारात येऊन उभं राहिल्यासारखा.
मी म्हटलं, हात हनुवटीला.
ज्याचं त्यानं मोजायचं.

घंटा झाल्यावर मष्णू रेंगाळला.
त्याचा बाप कौलांच्या कारखान्यात.
भट्टीतून निघालेलं एकेक कौल
बोटाच्या पेरानं वाजवतो:
खणखणीत ते छपरावर,
बद्द ते रस्त्याच्या खड्ड्यात.
डब्याचं झाकण त्यानं तसंच वाजवलं,
कान लावून,
अन वर, ब्रेक वर,
एबलपाशी थांबला. तिथं चीर,
वरून रबर बांधलेलं.

"बाई, हितं बद्द वाजतंय.
मोडलाय डबा."
मग दप्तरात टाकता टाकता,
"पर आमटी गळंना."